मंगल कार्यालयातलं लॉ कॉलेज

प्राचार्य नवरदेवाच्या खुर्चीत बसले होते.

लाल मखमलीची, उंच पाठीची, दोन्ही हातांवर सोनेरी मोर असलेली खुर्ची. शेजारची नवरीची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर प्रवेश अर्जांचा गठ्ठा ठेवला होता. मागच्या भिंतीवरची थर्माकोलची अक्षरं काढून टाकली होती, पण गोंदाचे डाग तसेच होते. त्यामुळं 'शुभविवाह' अजून नीट वाचता येत होतं. त्याच्याखाली नवा कोरा फलक: लोकसेवक भाऊसाहेब विधी महाविद्यालय.

"या, बसा," प्राचार्य म्हणाले.

आम्ही लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर बसलो. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर मंगल कार्यालयाच्या मालकाचं नाव रंगवलं होतं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ रंगनाथ आणि त्याची मुलगी उज्ज्वला. उज्ज्वला त्या वर्षी बी.ए. झाली होती. तालुक्याच्या कॉलेजात गावच्या एस.टी.नं यायची आणि साडेपाचच्या गाडीनं परत जायची. तिला पुढं वकिलीचं शिकायचं होतं. रंगनाथचं म्हणणं एकच: "शिकायचं तर तालुक्याला शीक. जिल्ह्याला होस्टेलात मी पोरीला ठेवणार नाही. जमत नसंल तर पोळ्यानंतर पाहुणे येऊ दे." पाहुणे ठरलेले होते. उज्ज्वलाच्या मामानं स्थळ आणलं होतं, मोटारपंपाच्या दुकानवाल्याचं. त्यामुळं त्या सकाळी काय ठरायचं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. फॉर्म भरला तर कॉलेज, नाही तर पोळा.

रंगनाथला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यानं मला आणलं होतं. मलाही बेचाळिसाव्या वर्षापर्यंत नव्हती. नवरा गेल्यावर दिरांनी जमिनीतला वाटा नाकारला आणि मी कोर्टात गेले. एकोणीस वर्षं तारखा केल्या. प्रत्येक तारखेला रंगनाथ माझ्याबरोबर यायचा, व्हरांड्यात उकिडवा बसायचा आणि तंबाखू मळायचा. मी समोरचा बोर्ड बघत बसायची. त्यावर आज कुणाची केस कितवी ते लावलेलं असे. आधी माझं आडनाव ओळखू यायला लागलं, मग वकिलांच्या पाट्या, मग प्रौढवर्गात बाराखडी. वाटा मिळाला तोवर मला वाचायची खोड लागली होती. मी सावकाश वाचते, ओळीवर बोट ठेवून. शिकलेली माणसं कागदावरून नजर फिरवतात. ती चैन मला कधी परवडली नाही.

"मी डॉक्टर टेकाळे," प्राचार्य म्हणाले.

"कशातले डॉक्टर?" मी विचारलं.

"मानद आहे पदवी. त्याआधी साखर कारखान्यात कामगार अधिकारी होतो. कायद्याचा तीस वर्षांचा अनुभव."

"कामगारांच्या बाजूनं का कारखान्याच्या?"

रंगनाथनं माझ्या पायाला पाय लावला. टेकाळे हसले. दात फार चांगले होते.

"ताई, कायद्याला बाजू नसते."

मी एकोणीस वर्षं जे पाहिलं होतं, त्यात कायद्याला बाजूशिवाय दुसरं काही नव्हतं. उज्ज्वला मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"वर्ग कुठं भरतात?" मी विचारलं.

"हे काय, इथंच. हवेशीर हॉल आहे. आठशे पान उठतं एका वेळी." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, आठशे विद्यार्थी बसू शकतात. अभिरूप न्यायालयसुद्धा इथंच भरवतो. न्यायाधीश या खुर्चीत बसतात."

"आणि आरोपी?"

"त्या." त्यांनी नवरीच्या खुर्चीकडं हात केला.

"हे मात्र खरंय," रंगनाथ म्हणाला आणि स्वतःच हसला.

"लग्नाची तिथी असली म्हणजे?" मी विचारलं.

"त्या दिवशी वाचनदिन. मुलं घरी वाचन करतात."

"तुळशीच्या लग्नानंतर मग तुमची मुलं फारच वाचत असतील."

टेकाळ्यांनी पाण्याचा पेला उचलला. रंगनाथ कंटाळून उठला. "आक्का, तू बघ काय ते. मी भाईर च्या घेतो," म्हणाला आणि गेला. त्याला माझ्यावर विश्वास होता. त्याहून जास्त, बंद छताखाली कागदांसमोर बसायचं त्याच्या जिवावर यायचं.

मी उठले. ग्रंथालय म्हणून एक काचेचं कपाट होतं, कुलूप लावलेलं. आत लाल पाठीची जाड पुस्तकं ओळीनं उभी होती. लांबून रुबाबदार दिसत होती. मी जवळ जाऊन पाठींवरचे आकडे वाचले. तीन. तीन. तीन. एकाच पुस्तकाचा तिसरा भाग, अकरा प्रती.

"पहिला आणि दुसरा कुठंय?"

"मागवलेत," टेकाळे म्हणाले.

"किल्ली?"

"अध्यक्षांकडं असते. पुस्तकं महागडी आहेत ना."

कपाटाशेजारी एक कागद काचेच्या चौकटीत लावला होता, झेंडूची माळ घालून. इंग्रजी होता. इंग्रजी मला येत नाही, पण कागदाची ठेवण कळते. कोर्टात हुकूम कसा दिसतो, नोटीस कशी दिसते आणि नुसती पोच कशी दिसते ते मी पाहिलंय. हुकमाला वजन असतं, मागं दहा कलमं असतात. इथं चारच ओळी होत्या.

"ही आमची मान्यता," टेकाळे बसल्या जागेवरून म्हणाले.

"कुणाची? विद्यापीठाची का बार कौन्सिलची?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. लुगडं नेसलेल्या बाईनं हा प्रश्न विचारायचा नसतो. पण कोर्टाच्या पायरीवर एकोणीस वर्षं बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं: डिग्री विद्यापीठ देतं, पण कोट घालून न्यायाधीशापुढं उभं राहायची सनद बार कौन्सिल देतं. कॉलेज त्यांच्या यादीत नसेल, तर ती डिग्री सुरळी करून माशा मारायला बरी.

"दोन्हीची आहे," ते म्हणाले.

"उज्ज्वला, वाच गं काय लिहिलंय."

उज्ज्वला आली. तिनं चौकटीकडं पाहिलं आणि लगेच म्हणाली, "मान्यता दिली असं लिहिलंय, आत्या."

"चार ओळींत?"

"हो. चल ना, फॉर्म भरू."

इतक्या भरकन ती कधी वाचत नसे. मला वाटलं, पोर हुरळलीय. हुरळलेल्या माणसाला हवं तेच अक्षर दिसतं.

अर्ज भरून घ्यायला एक कारकून होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा, प्रल्हाद नावाचा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिथं लग्नात आहेराची नोंद करतात, त्या टेबलावर बसला होता. मोत्यासारखं अक्षर. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"तुम्ही शिकलात कुठं?"

"इथंच. पहिली बॅच. दुसरा आलो."

"अरे वा. मग वकील झालात की."

त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"सनदेचा अर्ज केला होता. परत आला."

"का?"

त्यानं टेकाळ्यांकडं पाहिलं. ते मोरावर हात ठेवून टेलिफोनवर मोठ्यानं बोलत होते. "कॉलेज यादीत नाही म्हणून."

"तुमचा एकट्याचा आला परत?"

"सगळ्यांचा. एकतीस जण होतो."

"आणि त्या चौकटीत काय आहे?"

"अर्ज मिळाला, एवढंच लिहिलंय. मान्यतेचा अर्ज मिळाला, विचार चालू आहे. चार वर्षांपूर्वीचं पत्र आहे ते."

"मग तुम्ही इथं काय करता?"

"सरांनी नोकरी दिली. मान्यता आली की मागच्यांचंही होईल म्हणतात."

"ज्या विहिरीत पडलास तिच्यावरच पाणी शेंदायला बसलास होय रे?"

त्यानं उज्ज्वलाच्या अर्जावर तारीख घातली, सुंदर अक्षरात. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. ज्याला फसवलंय तो मला समजतो. फसल्यावर दाराशी उभं राहून पुढच्यांना आत घेतो, तो नाही समजत.

मी उठले. काय करायचं ते ठरलं होतं. रंगनाथला आत बोलवायचं, चौकट भिंतीवरून उतरवायची, टेकाळ्याला त्या चार ओळी सगळ्यांसमोर वाचायला लावायच्या. मग रंगनाथला सांगायचं, पोरीला जिल्ह्याच्या खऱ्या कॉलेजात घाल. मला त्या माणसाचं तोंड पडलेलं पाहायचं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला उज्ज्वलाच्या वकिलीपेक्षा तेच जास्त हवं होतं.

दारापर्यंत गेले नाही, तोवर उज्ज्वलानं माझा दंड धरला आणि मला मागच्या बाजूला ओढत नेलं. तिथं स्वयंपाकाची शेड होती. पालथ्या घातलेल्या काहिली आणि विझलेल्या चुली.

"आत्या, काही बोलू नकोस."

"अगं पोरी, हे सगळं थोतांड आहे. तो कारकून—"

"मला माहितेय."

"काय माहितेय?"

"सगळं. यादीत नाही, सनद मिळत नाही, एकतीस जणांचे अर्ज परत आले. मी मागच्या महिन्यात एकटी येऊन गेले. प्रल्हादनंच सांगितलं."

"आणि ती चौकट?"

"मला इंग्रजी येतं, आत्या."

मी काहिलीवर बसले. पालथी काहिल डगडग हलली.

"मग हा फॉर्म कशाला?"

"तीन वर्षांसाठी." ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द घोटून आणल्यासारखा. "इथं नाव लागलं की आबा तीन वर्षं लग्नाचं बोलणार नाहीत. रोज सकाळच्या गाडीनं यायचं, साडेपाचच्या गाडीनं जायचं. तिथं त्या पाण्याच्या टाकीखाली नगरपालिकेची अभ्यासिका आहे. तिथं बसायचं. तलाठ्याची परीक्षा देणार आहे मी. ती खरी असते."

"बापाला सांग की तसं."

"परीक्षेला बसते म्हटलं, तर म्हणतील घरी बस, वाच, पाहुणे आल्यावर पोहे कर. कॉलेज म्हटलं की त्यांना पटतं. कॉलेजला पाटी असते."

"मी सांगते त्याला. माझं ऐकतो तो."

"निम्मं ऐकतील. 'हे कॉलेज खोटं' एवढं ऐकतील. 'पोरीला जिल्ह्याला धाड' ते नाही ऐकणार. मागच्या वर्षी तू सांगितलं नव्हतंस? काय म्हणाले?"

काय म्हणाला होता ते मला आठवत होतं. म्हणाला होता, आक्का, तू कोर्टात जिंकलीस, घरात नको जिंकूस.

"तीन वर्षं या चोराच्या घशात पैसे घालायचे?"

"पंपवाल्याच्या घशात घालायचेच आहेत ना? इथं कमी लागतात."

मला हसू आलं नाही. राग आला होता, आणि तो कुणावर टाकावा ते कळत नव्हतं. एवढी हुशार पोर, आणि तिला तीन वर्षं मोकळा श्वास घ्यायला असल्या भामट्याचं छप्पर लागावं. चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा निदान मला काही येत नव्हतं. हिला सगळं येत होतं, इंग्रजीसुद्धा.

"आणि तुझ्या बापानं मधेच काढलं तर?" मी म्हटलं. "दिवाळीत मामा परत येईल. रंगनाथ फिरला तर?"

तेवढं एक तिच्या हिशेबात बसलेलं नव्हतं.

आतून रंगनाथची हाक आली. "आक्का! ये की. अंगठा द्यायचाय."

आम्ही आत गेलो. टेबलावर एक कागद होता, वर मोठ्या अक्षरात 'पालकांचे हमीपत्र'. हा मराठीत होता. टेकाळे खुर्चीतून उतरून खाली आले होते, कारण आता काम महत्त्वाचं होतं. प्रल्हादनं शाईचं पॅड उघडलं.

"नेहमीचंच आहे," टेकाळे म्हणाले. "शिस्त वगैरे. अंगठा इथं."

"आक्का वाचंल," रंगनाथ म्हणाला. "ती वाचाय शिकल्यापासनं एक कागद तिनं वाचल्याबिगर आम्ही अंगठा दिला न्हाई."

मी कागद ओढला आणि बोट ठेवलं. पहिल्यांदा मनात वाचलं. कलम एक: महाविद्यालयास बार कौन्सिलची मान्यता प्रस्तावित असल्याची मला पूर्ण कल्पना आहे. कलम दोन: मान्यता न मिळाल्यास अथवा पाल्यास सनद नाकारली गेल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. कलम तीन: भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. म्हणजे हा माणूस फसवत होता आणि फसवल्याची पावतीही फसणाऱ्याकडूनच घेत होता. इतका नीचपणा मी दिरांच्या वकिलातसुद्धा पाहिला नव्हता.

"काय लिवलंय?" रंगनाथनं विचारलं.

उज्ज्वला भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढरा.

मी पहिल्या कलमावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं, नेहमीसारखी अडखळत वाचायला लागले. "मुलगी... रोज साडेपाचच्या गाडीनं... घरी पोचेल, याची महाविद्यालय काळजी घेईल."

"हे बेस," रंगनाथ म्हणाला.

बोट दुसऱ्या कलमावर सरकवलं. "एकदा प्रवेश घेतल्यावर... तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत... पालकास मुलीला मधूनच काढता येणार नाही."

टेकाळ्यांची मान वळली. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आन् मधी लग्न जमलं तर?"

"ते तिसऱ्यात आहे." मी बोट खाली नेलं. "लग्नासाठी काढल्यास... पालकाविरुद्ध... दावा लावण्यात येईल. पालकास प्रत्येक तारखेस... जातीनं हजर राहावं लागेल."

रंगनाथचा हात पॅडावरून मागं आला. "तारखेला?"

"प्रत्येक."

"आता तारखा नको बाप्पा. एकोणीस वर्षं झाल्या." तो टेकाळ्यांकडं वळला. "असंच हाय का सायेब? आक्का बरोबर वाचती का?"

माझं बोट अजून कागदावर होतं, पण ते मी तिसऱ्यावरून उचलून परत दुसऱ्या कलमावर आणून ठेवलं होतं, जिथं सनद आणि जबाबदारी हे शब्द होते. टेकाळ्यांना ते दिसत होतं. मी खोटं वाचलं असं म्हणायचं, तर खरं काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवावं लागलं असतं.

त्यांनी घसा साफ केला.

"बरोबर आहे," म्हणाले. "आमचा नियमच आहे तसा. कडक आहोत आम्ही."

"मामानं लय गळ घातली तरी न्हाई का काढता येणार?"

"नाही," टेकाळे म्हणाले. "कायदा आहे."

रंगनाथनं थोडा वेळ पोरीकडं पाहिलं. मग सुस्कारा सोडून म्हणाला, "कायदाच हाय तर मग काय करणार," आणि अंगठा दिला. मला वाटलं होतं तो चिडेल. उलट त्याचा चेहरा सैल झाला, डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा. दिवाळीत मामा आला, तेव्हा रंगनाथनं त्याला ओसरीवरच हे हमीपत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी वाचलं होतं तसं.

उज्ज्वला दुसऱ्या खेपेला तलाठी झाली. तोवर कॉलेजची पाटी उतरली होती. टेकाळ्यांनी पलीकडच्या तालुक्यात बी.एड.चं कॉलेज काढलं असं ऐकलं, तेही कुणाच्या तरी गोदामात. प्रल्हादचं काय झालं मला माहीत नाही. रंगनाथ जाऊन आता सहा वर्षं झाली. खरं काय लिहिलं होतं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. एवढी वर्षं माझ्या वाचण्यावर अंगठा दिलेला माणूस तो.

त्या दिवशी अंगठ्याच्या शेजारी साक्षीदाराची सही लागत होती. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. कौतिकाबाई संपतराव ढगे. रंगनाथ आणि उज्ज्वला चपला घालायला पुढं गेले. टेकाळे कागद फुंकून वाळवत मागं थांबले होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी वाकडं बोलेल. मी तयारीतच होते. सकाळपासून मी त्याला पायपुसणं समजले होते आणि ते त्याला कळलेलं होतं.

पण तो आदरानं बोलला. अगदी मनापासून.

"ताई," म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आमच्या संस्थेला पाहिजेत. दर सोमवारी पालक येतात. त्यांना हे असंच वाचून दाखवायचं. याल का?"